तक्रार: लेखाची पानं पाडणं बंद करायची सोय द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,
मी बेळगावची, तुमची वर्डप्रेस थीम, म्हणजे वेबसाईटचा तयार साचा, वर्षाचे पैसे भरून वापरते. आमच्या सीमाभागातल्या देवळांवर, किल्ल्यांवर मराठीत लांब लांब लेख लिहिते. नवीन अपडेट आल्यापासून लेख जरा लांब दिसला की तुमची थीम मला न विचारता मध्येच नेक्स्टपेजची खूण घालून त्याची पानं पाडतेय आणि हे बंद करायचं बटण सेटिंगमध्ये कुठंच नाही.

हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ घ्या. तिथं दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्या देवळाचं वेगळेपणच ते, आणि माझा लेख नेमका पहिल्या गाभाऱ्यापाशी तोडलाय. मोबाईलवर खाली पानांचे आकडेच दिसत नाहीत, मग वाचणाऱ्याला वाटतं संपला लेख. खानापूरच्या एका काकांनी फोन करून विचारलं, "ताई, दुसऱ्या गाभाऱ्याचं लिहायचं राहिलं की काय हो?" मला फार वाईट वाटलं, सगळं लिहिलेलं असून.

कॉम्प्युटरवर आकडे दिसतात, पण जांबोटी, कणकुंबीकडं रेंज येते नि जाते, एकदा उघडलेला लेख माणूस निवांत वाचतो, दुसऱ्या पानाला मात्र परत नेट लागतं आणि ते नुसतं फिरत बसतं. प्रिंट काढली तर पहिल्याच पानाची निघते, आणि माझे वयस्कर वाचक प्रिंटच वाचतात हो.

तुमच्या सपोर्टवाल्यांनी सांगितलं, प्रत्येक लेखात जाऊन खुणा काढा. काढल्या, तर लेख सेव्ह केला की परत हजर! अहो, वर्डप्रेसमध्ये ४.४ पासून, म्हणजे २०१५ पासून, कंटेंट पेजिनेशन नावाचा फिल्टर, म्हणजे लेख दाखवण्याआधी कोडनं त्यात बदल करायची सोय, आहे, लेखाचे तुकडे त्याच्यातनं जातात, तिथंच ते जोडून एक पान करता येतं, मूळ लेखाला हात न लावता. मी तो कोड थीमच्या फंक्शन्स फाईलमध्ये टाकला तर तुमच्या पुढच्या अपडेटला पुसून जाणार, म्हणून हे काम तुमचंच आहे.

मला सेटिंगमध्ये एक साधं बटण द्या आणि तुमच्या थीमनं घातलेल्या खुणा तुम्हीच काढा. मला कुठं पान पाडायचंच असेल तर एडिटरमध्ये पेज ब्रेकचा ब्लॉक आहे, तो मी माझ्या हातानं टाकेन.

या महिन्यात हे झालं नाही तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत करा. उत्तर ईमेलवर लेखी पाठवा, मदतीच्या पानाची लिंक नको.

आपली,
बेळगावची एक ग्राहक