परिमेयकरणाचे कारणही शिकवावे

मा. संपादक,

नाशिकमधील काही नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका नुकत्याच पाहण्यात आल्या. काटकोन करणाऱ्या बाजू 3 व 6 सेमी असताना लहान बाजूसमोरील कोनाचे साइन गुणोत्तर (समोरील बाजू भागिले कर्ण) विचारले होते. 3/√45 आणि 1/√5 या दोन्ही उत्तरांचे गुण कापले होते, √5/5 ला मात्र पूर्ण गुण दिले होते. तिन्हींची किंमत एकच, सुमारे 0.447. छेदाचे परिमेयकरण करण्याची, म्हणजे छेदातील वर्गमूळ घालवण्याची, सूचना प्रश्नात नसताना 1/√5 ला गुण नाकारणे मला अन्यायाचे वाटते. (3/√45 अर्धवट सोडलेले आहे, हे मान्य.)

खरी चूक निराळीच होती. काहींनी √(9 + 36) म्हणजे 3 + 6 मानून कर्ण 9 काढला होता; अशा मापांचा त्रिकोणच होत नाही, तिन्ही शिरोबिंदू एका रेषेत येतात. त्यापुढे फक्त फुली होती, शेरा नव्हता.

45 मधील 9 हा पूर्ण वर्ग बाहेर काढला की कर्ण 3√5 होतो आणि अंशातील 3 शी संक्षेप होतो. म्हणून करणी (√45 सारखे पूर्ण न निघणारे मूळ) आधी सोपी करावी आणि मगच गुणोत्तर मांडावे. परिमेयकरणाचेही असेच साधे कारण आहे: √5 म्हणजे सुमारे 2.236, आणि 1 ला 2.236 ने भागण्यापेक्षा 2.236 ला 5 ने भागणे हाताने कितीतरी सोपे, आणि दहावीच्या परीक्षेत गणकयंत्र नसते. परंतु करणी नववीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाच्या भाग 1 मध्ये आणि त्रिकोणमिती भाग 2 मध्ये असल्याने हे दोन धागे वर्गात क्वचितच एकत्र येतात.

भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त हीच सोय केली आहे. काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू सव्वातीन असतील तर कर्णाचा वर्ग 169/8 येतो, ज्याचे मूळ पूर्ण निघत नाही. तेथे ते अंश व छेद यांचा गुणाकार 1352 घेतात, त्याला 10000 या मोठ्या वर्गाने गुणून आसन्न (जवळपासचे) मूळ 3677 काढतात आणि त्याला 8 × 100 ने भागतात. म्हणजे वर्गमूळ छेदात राहू न देता अंशात आणायचे आणि भागाकार पूर्णांकाने करायचा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, त्या आचार्यांचे हे गणित आपल्या भागातील वर्गांत फळ्यावर सहज सोडवून दाखवता येईल.

उत्तराचे विशिष्ट रूपच हवे असेल, तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ते प्रश्नातच स्पष्ट लिहावे, एवढी विनंती.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, नाशिकरोड