आईला कॅन्सर म्हणून लेकीला होणारच?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला स्तनाच्या कॅन्सरवरचा लेख वाचला, चांगलाय, पण आईला झाला म्हणजे लेकीला होणारच असा जो सूर त्यात लागलाय तो काही पटला नाही. खरं तर आनुवंशिक बिघाडामुळं होणारे स्तनाचे कॅन्सर साधारण ५ ते १० टक्केच असतात. बाकीच्यांत बरेच बदल जन्मानंतर स्तनाच्या पेशींतच होतात, त्यातला एक म्हणजे डीएनए मिथायलेशन, म्हणजे डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटणं. बीआरसीए-१ हे जनुक पेशीतला तुटलेला डीएनए दुरुस्त होण्यासाठी गरजेचं असतं, पण काही गाठींत ते जनुक अगदी धड असतं, फक्त त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट चिकटतात अन् ते बंद पडतं, म्हणजे दुकानात माल सगळा आहे पण शटर खाली. गाठीतला हा बदल पुढं लेकीकडं जात नाही.

आता आपल्या मराठवाड्यात असं अर्धवट छापून आलं की काय होतं ते सांगायला नको, सोयरीक जुळवताना पहिली चौकशी हीच, अन् बाया गाठ लपवतात, दवाखान्यात जातात तेव्हा उशीर झालेला असतो. घरात दोघी-तिघींना किंवा फार कमी वयात कॅन्सर झाला असेल तर जनुकाची तपासणी डॉक्टरांना जरूर विचारावी, आणि सदोष जनुक बापाकडूनही येतं बरं का, हे तर लेखात कुठंच नाही. पुढच्या पुरवणीत एवढा खुलासा छापावा ही विनंती.

– एक वाचक, अंबाजोगाई