परत आलेलं यान आधी सुटं करून बघा

माननीय अंतराळ राज्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

इंदुरात सांवेर रोडला माझा फोर्जिंगचा छोटा कारखाना आहे. लालभडक लोखंड दिवसभर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात ठोकायचं, हे आमचं काम. डाय पहिल्या दिवशी फुटत नाही. हजारदा तापून निवली, की कोपऱ्यात केसाएवढी भेग पडते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लाल रंग लावून पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची, मग भेग लाल रेघ होऊन उमटते. एकदा ऑर्डरच्या घाईत मी ही तपासणी टाळली आणि डाय चालू हॅमरखाली दुभंगली. समोर उभा असलेला पोरगा थोडक्यात वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणूनच हे पत्र. गगनयान तिघांना 400 किलोमीटर उंचीवर नेऊन तीन दिवसांनी समुद्रात उतरवणार आहे, याचा मनापासून अभिमान वाटतो. पण 2035 पर्यंत आपलं अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, हे आपलं लक्ष्य आहे. स्थानक म्हटलं की माणसांची ये-जा आली. दर खेपेला नवं यान कसं परवडेल? अमेरिकेचं ‘एन्डेव्हर’ हे ड्रॅगन यान 2020 मध्ये समुद्रात उतरलं आणि 2021 मध्ये पुन्हा माणसं घेऊन गेलं.

चंद्राची वाट आणखी कठीण. पृथ्वीच्या कक्षेतून परतताना वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटर असतो, चंद्राकडून येताना अकरा. म्हणजे जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट. 2022 मध्ये अमेरिकेचं ‘ओरायन’ यान चंद्राला वळसा घालून माणसांविना परतलं, तेव्हा त्याच्या उष्णतारोधक कवचाचे तुकडे उडालेले आढळले. आत कोंडलेल्या वायूमुळे कवच तडकलं होतं. परतलेलं कवच बारकाईनं तपासलं, म्हणून हे कळलं.

माझी विनंती एवढीच. गगनयानाच्या मानवरहित उड्डाणांतली यानं प्रदर्शनात मांडण्याआधी पूर्ण सुटी करावीत. खारं पाणी कुठे शिरलं, कुठला जोड सैल झाला, कुठला भाग पुन्हा उडू शकेल, याची नोंद व्हावी आणि त्यासाठी वेगळी तरतूद असावी. पुढच्या मानवी यानाला मंजुरी देताना पुनर्वापराची अट पहिल्या आराखड्यातच घालावी. मागाहून ती बसवता येत नाही.

त्या तपासणीतलं जे उघड करता येईल, ते आमच्यासारख्या कारखान्यांनाही वाचायला मिळावं. उद्या त्यातला एखादा भाग घडवायची वेळ आमच्यावर आली, तर भेग कुठे शोधायची हे आम्हाला आधीच ठाऊक असेल.

आपला नम्र,
एक कारखानदार, इंदूर