तारामतीपाशी थांबू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘अजब पण खरे’ या चौकटीत अण्णा साळुंके पुन्हा भेटले. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातल्या तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून दादासाहेब फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवली, पुढे १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये त्यांनीच राम आणि सीता, दोन्ही कामे केली. यात खोटे काही नाही. पण गोष्ट तिथेच तोडली की वाचक समजतो, त्या काळी पडद्यावर बायका नव्हत्याच. ३ मे, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्याचा दिवस, जवळ आला की हाच समज दरवर्षी नव्याने छापला जातो.

त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयातली मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात मुलगी, पोटासाठी नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणे. त्या काळात हे केवढे धाडस! कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. एवढे ठसठशीत नाव घरात असूनही आपल्याला ते सांगावेसे वाटत नाही?

याचा फटका माझ्या भाचीला बसला. आंतरशालेय प्रश्नमंजूषेत ‘भारतीय चित्रपटातील पहिली अभिनेत्री कोण’ असा प्रश्न आला. तिने दुर्गाबाई कामत हे नाव सांगितले, चित्रपटाचेही सांगितले. परीक्षक म्हणाले, “नाटकातल्या नकोत, सिनेमातल्या सांग.” गुण मिळाले ‘देविका राणी’ म्हणणाऱ्या संघाला. देविका राणींचा ‘कर्मा’ १९३३चा, म्हणजे मधली वीस वर्षे कुणाच्या हिशेबातच नाहीत. पोरगी रडवेली झाली. कार्यक्रम संपल्यावर मी संयोजकांना गाठले, तर त्यांनी पुरावा म्हणून वर्तमानपत्रातल्या अशाच एका चौकटीचे कात्रण पुढे केले. छापील आहे ना, मग बरोबरच असणार, असे त्यांचे म्हणणे. त्यावर मी काय बोलणार?

दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके तर अशा चौकटीत आल्याच तरी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणाऱ्या म्हणून येतात. दागिने त्यांनी मोडू दिले, रसायने त्यांनी कालवली, फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम त्यांनी केले. त्यांची मुलगी मंदाकिनी १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली. त्या चित्रपटाचा बराच भाग आजही पाहायला मिळतो. मुलगी कृष्ण झाली, हे तुमच्या ‘अजब’मध्ये का बसत नाही?

येत्या रविवारी याच चौकटीत, याच जागी दुर्गाबाई आणि कमलाबाई यांच्याबद्दल छापावे, ही विनंती. आणि जुने छायाचित्र देताना खाली चित्रपटाचे नाव व साल द्या. ‘संग्रहित’ एवढ्या एका शब्दावर मुलांनी काय शिकायचे?

– एक वाचक, नाशिक