करार पुढं वाढवत नाही

मस्कत,
शुक्रवार, रात्री

तीर्थरूप आबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर पैसे पोचले का आणि आईचा गुडघा कसा आहे, यातच वेळ जातो. म्हणून मुद्दाम लिहितोय. आबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला वाचून दाखवा.

माझा करार मार्चमध्ये संपतोय. पगार वाढवतो, आणखी दोन वर्षं थांब, असं इथले साहेब म्हणतायत. मला थांबायचं नाही. पण तुमचा शब्द आल्याशिवाय त्यांना कळवणार नाही.

पैशाला मी नावं ठेवत नाही. सोसायटीचं कर्ज फिटलं त्या रात्री तुम्ही एवढंच म्हणालात, "आज एक भाकरी जास्त गेली बघ." त्याआधी कितीतरी रात्री तुम्ही अंगणात फेऱ्या मारत होता, हे आईनं मला नंतर सांगितलं. तुमची झोप पैशानंच परत आणली. इथं आल्याचा मला कधी पस्तावा झाला नाही तो त्यामुळंच.

पण त्यानंतरचं आठवून बघा. स्लॅब टाकला, गाडी घेतली. गाडीचं कौतुक गणपतीपर्यंत टिकलं. शेजारी दुमजली उठलं आणि आपला स्लॅब आपल्यालाच ठेंगणा वाटायला लागला. ईस्टरलिन नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1974 सालीच हे मांडलंय. सगळ्यांचंच उत्पन्न वाढलं तर सुख त्या मानानं वाढत नाही, कारण माणूस स्वतःला आसपासच्यांशी तोलतो.

माझ्या खोलीतला केरळचा मित्र असलं पुष्कळ वाचतो. त्यानं सांगितलं, कानेमन आणि डीटन या संशोधकांना 2010 साली अमेरिकेत असं दिसलं की वर्षाला साधारण 75 हजार डॉलरच्या पुढं रोजचा आनंद वाढत नाही. किलिंग्सवर्थ नावाच्या संशोधकाला उलटं दिसलं. मग कानेमन आणि तो एकत्र बसले, किलिंग्सवर्थचेच आकडे पुन्हा तपासले. 2023 मध्ये निघालं ते असं की बहुतेकांचा आनंद पैशाबरोबर वाढतच जातो, फक्त जे सगळ्यात दुःखी आहेत त्यांचं दुःख एका टप्प्यापुढं पैशानं हलत नाही. जवळचं माणूस जाणं, मन खचणं, असली ती दुःखं.

हे ऐकलं आणि आजी डोळ्यांपुढं आली. मळणीच्या दिवसांत राजहंसगडाकडून वारं सुटलं की सूप घेऊन उभी राहायची. ती गेली तेव्हा तिकिटाचे पैसे माझ्या खिशात होते. सुट्टी मिळाली नाही. तिचा दहावा मी मोबाईलवर बघितला, आबा. ते अजून माझ्या मनातून जात नाही, आणि पगार तर त्यानंतर दोनदा वाढलाय.

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात मला लेथवर काम मिळेल. पगार इथल्या निम्मासुद्धा नसेल, हे मला ठाऊक आहे. पण डोक्यावर कर्ज नाही, बासमती घरचा आहे, भात निघालं की त्याच रानात मसूर होतो. आईच्या गुडघ्याचे पैसे बँकेत वेगळे ठेवलेत, त्यांना कुणी हात लावायचा नाही.

रस्त्याकडच्या तुकड्याला प्लॉटवाले चांगला भाव देतायत, असं दादा म्हणाला. त्याला सांगा, मी येईपर्यंत इसार घेऊ नको. समोरासमोर बसून बोलू. वहिनींचंही ऐकू, रानात राबतात त्या.

मार्चअखेर पोचलो तर पावसाआधीच्या धूळवाफ पेरणीला मी असेन. बियाणं बाजूला काढून ठेवा.

तुमचा,
बाळू