नावावरून भांडतायत म्हणून वैतागू नकोस

प्रिय मंदार,

तुझा मेसेज नीट वाचला, दोनदा वाचला. तुम्ही सगळ्यांनी नोकरी सांभाळून, रात्री जागून मराठी स्पेलचेकचं एवढं काम उभं केलंत आणि आता कुठे स्पॉन्सर मिळतोय तर तो म्हणतोय नाव बदला, लोगो बदला, आणि त्यावरून जुनी माणसं इतकी चिडलीयत की दोघांनी काम थांबवलंय. तू लिहिलंयस, "एका लोगोवरून एवढं? शब्दांची यादी पडलीय ती तपासा ना आधी." तुझा वैताग कळतो रे, पण हे वाक्य ग्रुपवर टाकू नकोस, हात जोडून सांगतो. ज्याला पगार मिळत नाही त्याच्याकडे त्या कामातलं स्वतःचं म्हणावं असं नावच असतं. तो चार लोकांत सांगतो की मी अमुक प्रोजेक्टमध्ये काम करतो. ते नाव त्याला न विचारता बदललं की त्याला वाटतं आपल्याला यातून काढून टाकलं, आणि मला विचारशील तर त्याचं काही चुकत नाही.

मी लिबरऑफिसच्या, म्हणजे कागदपत्रं-तक्ते करायच्या त्या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरच्या, मराठी भाषांतरात हात लावतो हे तुला माहितीये, तर त्याचीच गोष्ट सांगतो कारण तिथे हे सगळं होऊन गेलंय. मूळ प्रोग्रॅम स्टारऑफिस, जर्मनीतल्या स्टारडिव्हिजनचा. ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने 1999 मध्ये घेतली, 2000 मध्ये कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि ओपनऑफिस जन्माला आलं. नावाचा ताप तेव्हापासूनच आहे, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे अधिकृत नाव ओपनऑफिस डॉट ऑर्ग असं ठेवावं लागलं आणि ब्राझीलमध्ये तर तेही चालेना म्हणून तिथल्या लोकांनी बीआरऑफिस नावाने काम चालवलं. मग जानेवारी 2010 मध्ये ओरॅकल या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने सन विकत घेतली आणि व्हॉलंटिअर लोकांच्या पोटात गोळा आला. 28 सप्टेंबर 2010 ला त्यातल्या बऱ्याच जणांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था काढायची घोषणा केली आणि ओरॅकलला सांगितलं, तुम्हीपण या, आणि ओपनऑफिस हे नाव आम्हाला देऊन टाका. लिबरऑफिस हे तेव्हा तात्पुरतं नाव होतं! नाव काही मिळालं नाही. उलट महिन्याभरातच जुन्या कम्युनिटी कौन्सिलच्या बैठकीत ओरॅकलच्या माणसांनी सांगितलं की जे नव्या फाउंडेशनमध्ये गेलेत त्यांनी कौन्सिल सोडावं. पुढे जून 2011 मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस सगळं उचलून अपाची फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या संस्थेला दिलं.

आता बघ काय झालं. काम करणारी बहुतेक माणसं लिबरऑफिसकडे आली, नवं सगळं इथे होतंय, अपाची ओपनऑफिसची शेवटची मोठी आवृत्ती 4.1 ही 2014 ची आहे, आणि तरी आजही लोक ओपनऑफिसच शोधून उतरवून घेतात. मंडळ फुटलं, सगळे कार्यकर्ते नव्या मांडवात गेले तरी वर्गणीवाले जुनंच नाव विचारत येतात, तसं झालंय ते. ऑक्टोबर 2020 मध्ये ओपनऑफिसला 20 वर्षं झाली तेव्हा द डॉक्युमेंट फाउंडेशनला अपाचीवाल्यांना जाहीर पत्र लिहावं लागलं की बाबांनो, तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना निदान सांगा तरी की लिबरऑफिस आहे. नाव नुसतं वरवरचं असतं तर दहा वर्षांनी असं पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण मला तुला खरं सांगायचंय ते 2020 च्या जुलैचं. तोवर नाव आपलं, ट्रेडमार्क आपल्याच फाउंडेशनकडे, ओरॅकल वगैरे कोणी बाहेरचं मध्ये नाही. आणि तरी भडका उडाला. लिबरऑफिस 7.0 च्या चाचणी आवृत्तीत एकदम पर्सनल एडिशन, म्हणजे वैयक्तिक आवृत्ती, असं लेबल दिसायला लागलं. ज्यांना आधीपासून माहिती होतं ते मोजके, बाकीच्यांना स्क्रीनवरच कळलं. लोकांना वाटलं, झालं, आता ऑफिसात वापरायला पैसे लागणार. माझ्या ओळखीचे एक शिक्षक आहेत, त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मशिनवर लिबरऑफिस आहे, त्यांनी बातमी वाचून लगेच फोन केला, "सर, आता शाळेत चालणार नाही का हे?" मी सांगितलं की लायसन्स तेच आहे, काही बदललेलं नाही, पण फोन ठेवल्यावर मलाच राग आला होता. भाषांतर आपण करायचं, गावोगावी लोकांना पटवून ते मशिनवर घालायला आपण लावायचं, आणि हा शिक्का कोणी ठरवला ते आपल्याला इतरांसोबत कळणार.

मात्र दुसरी बाजूपण ऐक, कारण तुझा स्पॉन्सर त्याच बाजूला उभा आहे. 7.0 मधल्या कोडच्या बदलांपैकी 74 टक्के हे कोलॅबोरा, रेड हॅट, सीआयबी अशा कंपन्यांच्या पगारी डेव्हलपर लोकांचे होते आणि 26 टक्के व्हॉलंटिअरचे, हे फाउंडेशननेच सांगितलंय. मोठमोठी ऑफिसं शेकडो मशिनवर फुकट आवृत्ती टाकतात, सपोर्टसाठी कोणाला दमडी देत नाहीत, मग या कंपन्यांनी डेव्हलपर पोसायचे कशावर? लेबल लावून ऑफिसवाल्यांना पैसे देऊन सपोर्ट घेण्याकडे वळवावं हा हेतू होता आणि तो मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या 74-26 मध्ये भाषांतर करणारे, बग तपासणारे, मदतपुस्तिका लिहिणारे, शाळेत जाऊन शिकवणारे कुठे मोजले गेलेत? कोडच्या हिशोबात ही माणसं येतच नाहीत, आणि नावाचा चटका सगळ्यात आधी त्यांनाच बसतो कारण लोकांसमोर ते उभे असतात.

6 जुलैला फाउंडेशनच्या बोर्डाने खुलासा केला की लायसन्स, उपलब्धता, वापर, काहीही बदलणार नाही, हा अजून प्रस्ताव आहे. 5 ऑगस्टला 7.0 आलं ते त्या लेबलशिवाय. मग चर्चा झाली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये 7.1 आलं त्यावर कम्युनिटी असं लेबल होतं. म्हणजे लेबल लागलंच की! फक्त विचारून लागलं, आणि या वेळी तसा भडका उडाला नाही.

असंच डेबियनचं, म्हणजे व्हॉलंटिअर लोकांनी चालवलेल्या त्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. 2006 मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलं की फायरफॉक्स हे नाव वापरायचं तर आमचा लोगोही वापरा आणि तुम्ही केलेले बदल आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या. डेबियनवाले म्हणाले लोगोचं लायसन्स आमच्या नियमात बसत नाही, आणि जुन्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या घालायला आम्ही कोणाच्या मंजुरीची वाट बघणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मग त्यांनी तोच ब्राउझर आइसवीझल नावाने दिला आणि 2016 मध्ये समेट होईपर्यंत दहा वर्षं तसंच चाललं. मला यातलं काय आवडतं सांगू, डेबियनने दहा वर्षं अनोळखी नाव पत्करलं पण नियम वाकवला नाही, आणि म्हणून 2016 ला मान खाली न घालता फायरफॉक्स परत घेता आलं.

म्हणून तुला एवढंच म्हणतो, स्पॉन्सरला लगेच हो म्हणू नकोस आणि हाकलूनही देऊ नकोस. पहिलं म्हणजे नवं नाव, लोगो काय असेल ते आधी सगळ्यांपुढे ठेवा, ॲपमध्ये घालायच्या आधी, आणि शब्द तपासणाऱ्यांना, शाळांमध्ये फिरणाऱ्यांना कोड लिहिणाऱ्यांइतकंच मत द्या. दुसरं, डोमेन आणि ट्रेडमार्क कोणाच्या नावावर राहणार ते कागदावर घ्या, यात अजिबात भिडस्तपणा करू नकोस, स्पॉन्सर आज चांगला आहे पण उद्या त्याची कंपनी दुसऱ्याने घेतली तर तुम्ही ओपनऑफिसवाल्यांच्या जागी असाल. आणि नाव बदलायचंच ठरलं तर जुनं नाव वर्षभर तरी सोबत छापा. स्पॉन्सरला त्याचं नाव हवं असेल तर पहिल्या पानावर खाली "यांच्या मदतीने" असं मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा तो हक्क आहे.

काम थांबवलेल्या त्या दोघांना तू स्वतः फोन कर, मेसेज नको. त्यातल्या ज्या बाई बोलीभाषेतले शब्द जमवतात ना, त्यांना आधी कर, त्यांच्यासारखं काम दुसरं कोणी करत नाही हे तूच मला सांगितलंयस.

स्पॉन्सरने पाठवलेला करार मला आजच पाठव, शनिवारी रात्री बसून वाचतो, ट्रेडमार्कच्या कलमावर खुणा करून देतो. रविवारच्या तुमच्या मीटिंगला मी ऑनलाइन येऊ का तेपण विचारून ठेव सगळ्यांना, त्यांना चालणार असेल तरच येईन.

तुझा,
अभय