'हे पुसू का?' असं विचारणाऱ्या घड्याळवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

त्या संध्याकाळी दुकानातून निघताना मी नुसतं 'थँक्यू काका' म्हटलं आणि सटकले. आणखी एक वाक्य बोलले असते तर रडू फुटलं असतं. चाळिशी उलटलेली बाई बोटाएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकापायी मिरजेच्या भर बाजारात रडतेय, हे तुमच्या काउंटरवरच्या गिऱ्हाइकांनी कुठे कुठे जाऊन सांगितलं असतं देव जाणे. म्हणून पत्र. तेही उघड, चार लोकांनी वाचावं असं. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे, पण तुमचा नातू वाचून दाखवेल.

आधी बाकीच्यांचं बोलून घेते, म्हणजे पोटातलं निघून जाईल.

खेळण्यांच्या दुकानात गेले तर पहिला प्रश्न, "मुलाचा आहे का मॅडम?" नाही म्हटलं. "मग?" त्या 'मग'मध्ये जे काही होतं ते इथे लिहवत नाही. पुढे सल्ला, नवीन घ्या, सेलवाला आहे, बंदुकीला लाईट लागते. तिथून मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. छत्री मिटून भिंतीला टेकवेपर्यंत त्यानं माझ्या हातातून सैनिक घेतला, कमरेत सुपर ग्लू ओतला आणि "फिट्ट!" म्हणून परत दिला. फिट्ट खराच. पाय सावधानमध्ये जे चिकटले ते चिकटले, आणि कमरेभोवती त्या गोंदाची पांढुरकी धूळ बसली ती वेगळीच. पैसेही घेतले.

तिसरे गृहस्थ मोठ्या शहरातले. जुन्या खेळण्यांचं 'रिस्टोरेशन' करतात म्हणे. त्यांना आमच्याकडचा दुसरा एक पाठवला होता, हेल्मेटवाला. कुरिअर केल्यावर गृहस्थ फोन उचलेनात. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मग एकदाचा तो आला तो नखशिखान्त रंगवून. ओठ गुलाबी, भुवया कोरलेल्या. हेल्मेटवर दोन खळगे होते, तेही त्यांनी लुकण भरून गुळगुळीत केले होते. अहो, ते माझ्या भावाचे दात होते! लहानपणी अभ्यास करताना तो त्या हेल्मेटला चावत बसायचा. मी तसं फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, आता एकदम फॅक्टरी फिनिश आहे." यावर काय बोलणार.

म्हणून काका, तुमच्याकडे आले तेव्हा मी भांडायच्याच तयारीनं आले होते. खरं तर बाबांच्या एचएमटीची चावी बसत नव्हती, ती दाखवायला आले होते. बर्फ्या, म्हणजे तोच गोंदानं चिकटलेला सैनिक, पर्समध्येच पडून होता. तो काउंटरवर का काढला ते मलाही सांगता येणार नाही.

वाचणाऱ्यांपैकी काहींना हे प्रकरण माहीत नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. हे जी. आय. जो. पावणेचार इंची सैनिक. हॅस्ब्रो कंपनीनं हा आकार अमेरिकेत १९८२ मध्ये आणला, पुढच्याच वर्षी कोपराच्या वर दंडही गोल फिरायला लागला. आपल्याकडे ते फनस्कूलनं काढले. एमआरएफ आणि हॅस्ब्रोची ही भागीदारी १९८७ मध्ये सुरू झाली, आणि कंपनीचा कारखाना आपल्या शेजारी गोव्यात. इकडच्या सैनिकांचे रंग पुष्कळदा तिकडच्यापेक्षा निराळेच असत, आणि आज परदेशातले हौशी लोक नेमके ते आपले तिरपागडे रंग शोधत फिरतात. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. पुठ्ठ्यावरचं इंग्रजी नाव वाचता येत नसे. पांढऱ्या कपड्यातला म्हणून तो बर्फ्या.

आता त्याच्या पोटातली गंमत. या सैनिकाचं अख्खं शरीर एका रबरी रिंगवर उभं असतं. छाती आणि पाठ असे दोन अर्धे, ते जोडणारा स्क्रू एकच, तोही पाठीवरची बॅग अडकवायच्या भोकात लपलेला. रिंग छातीतल्या खुंटीला अडकते, कमरेच्या तुकड्यातून खाली येते आणि दोन्ही पायांना जोडणारा धातूचा आकडा वर ओढून धरते. त्या ताणावर तो बसतो, वाकतो, लाथ मारतो. रबर ताणलेलंच राहतं, हवेत सुकतं, तडकतं, आणि एके दिवशी सैनिक हातात घ्यावा तर वरचा भाग हातात आणि पाय जमिनीवर. आमच्या पिढीत ज्यांच्या ज्यांच्या माळ्यावर असा डबा आहे त्यांनी तो उघडून बघावा. बहुतेकांची तीच गत निघेल.

तुम्हाला मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. तुम्ही डोळ्याला भिंग लावलं, त्याला पालथा केला, भोकात डोकावलात आणि म्हणालात, "एकाच स्क्रूवर आहे होय! हुशार माणसाचं काम आहे." हसला नाहीत. 'मुलाचा का' हे विचारलं नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना सेल बदलून हवा होता, त्यांनी घसा खाकरला, तर तुम्ही वर न बघताच म्हणालात, "थांबा, पेशंट आहे."

पुढची सगळी कृती इथे सांगत बसत नाही. गोंद निघावा म्हणून तुम्ही बर्फ्याला घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवलात, गारठला की हा गोंद ठिसूळ होतो म्हणून. (काकू, मटाराच्या पिशवीशेजारी त्याला जागा दिलीत, तुमचेही आभार. नावाप्रमाणे बरोबर ठिकाणी पोचला.) घड्याळांच्या मागच्या झाकणाच्या रिंगा तुमच्याकडे डबीभर होत्या, पण सगळ्या बारीक. मग तुम्ही स्वतः नळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन चार मापांच्या रिंगा आणल्यात आणि त्यातली सगळ्यात घट्ट बाजूला टाकलीत. "ही ओढेल जोरात, पण कंबर फोडेल." याच कारणानं किती सैनिक कायमचे अधू झालेत ते मला ठाऊक आहे. तुम्हाला ते कुणी न सांगता कळलं.

स्क्रू बसवताना तुमचा हात मात्र मी टक लावून बघितला. आधी उलटा फिरवलात, अगदी हलके, तो जुन्या आट्यात 'टक्' करून उतरेपर्यंत. मग सुलटा. आणि जिथे बाकी कुणीही अजून अर्धा वेढा दिला असता तिथे थांबलात. त्या अर्ध्या वेढ्यात प्लास्टिकला चीर जाते.

पण एवढं लांबलचक पत्र मी त्यासाठीही लिहीत नाहीये.

धुवायला घेतलंत तेव्हाची गोष्ट. घड्याळाचे पार्ट तुम्ही पेट्रोलमध्ये धुता, ती वाटी समोरच होती. ती बाजूला सारून तुम्ही साबणाचं पाणी घेतलंत, रंग जाईल म्हणून. जुन्या दात घासायच्या ब्रशनं हात, पाय, बुटांच्या टाचा घासल्यात. पाठीशी आलात आणि ब्रश थांबला. भिंग पुन्हा डोळ्यावर गेलं. भोकाच्या शेजारी निळ्या बॉलपेननं काहीतरी गिचमिड होती. 'सं' लिहून त्यावर काट, आणि खाली, जेमतेम मावेल असं, 'वै'.

तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "हे पुसू का, की ठेवायचंय?"

काका, तो आमचा फेरफार आहे. बर्फ्या आधी दादाचा होता. एका मे महिन्यात त्यानं तो माझ्या वाटच्या हापूसच्या बदल्यात मला दिला आणि नंतर भांडण नको म्हणून स्वतःच्या हातानं आपलं नाव काटून माझं घातलं. आई साक्षीदार होती. इतक्या वर्षांत ती शाई पांढऱ्या प्लास्टिकमध्ये मुरून फिकट झाली आहे. बाहेरच्या माणसाला तो मळच वाटणार. स्पिरिटचा एक बोळा फिरवला असता तर ती पुसट तरी झालीच असती, आणि एरवी तुम्ही ते चांगलं काम म्हणूनच केलं असतं. मी तक्रार करायलाही जागा राहिली नसती.

मी "ठेवा" म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात, आणि तेवढी जागा सोडून भोवतालची पाठ काडीला कापूस गुंडाळून पुसलीत. का ठेवायचंय ते विचारलं नाहीत. त्यानंतर मला बोलता येईना, ते या 'बरं'मुळे.

हात चालणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्या रंगवणाऱ्या गृहस्थांचा हातही वाईट नव्हता, भुवया सुरेख कोरल्या होत्या. पण दुसऱ्याच्या वस्तूवर हात फिरवण्याआधी क्षणभर थांबायचं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. आजी गेल्यावर आम्ही जुनी पितळी भांडी मोडीत घालायला नेली होती, तेव्हा त्या दुकानदारानं एक तांब्या वजनातून बाजूला काढून आईपुढे धरला होता. "यावर नाव आहे, बघून घ्या." त्याचं त्यात चार पैशांचं नुकसानच झालं. दवाखान्यात बाबांची दाढी करायला येणारा मुलगा रोज विचारायचा, "आजोबा, मिशी तशीच ना?" बाबांना तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं. मान हलेपर्यंत तो थांबायचा. अशी माणसं मोजकी भेटतात आणि भेटली तरी त्यांची कुठे बातमी होत नाही. तिसऱ्या गृहस्थांच्या कामाचे मात्र आधीचे-नंतरचे फोटो असतात, खाली टाळ्यांची रांग.

पैशांचं तर सांगूच नका. तुम्ही सेल बदलायला घेता तेवढेच घेतलेत. वर एक जास्तीची रिंग कागदात बांधून दिलीत, ती एचएमटीच्या डबीत ठेवली आहे.

बर्फ्या आता बसतो. माझ्या टेबलावर पेनस्टँडच्या कडेवर पाय सोडून बसवलाय, ऑफिसचा फोन चालू असताना त्याचा हात वर-खाली करत राहते. तळपायाला भोक आहे, त्यामुळे खुंटी मिळाली की एका पायावरही उभा राहतो. काचेच्या कपाटात ठेवायचा सल्ला पुष्कळांनी दिला. भाची आली की त्याला बादलीच्या दांडीला लोंबकळवते, मी काही म्हणत नाही. फक्त जाड मुठीची बंदूक त्याच्या हातात कोंबू देत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून मऊ केल्याशिवाय तसं केलं की या मंडळींचे अंगठे मोडतात.

दादाला फोटो पाठवला, पाठमोरा. त्याचं उत्तर आलं, "आंबा नासका होता. व्यवहार रद्द." त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

पुढच्या आठवड्यात एचएमटी न्यायला येते तेव्हा डब्यातले आणखी दोघं आणीन. एकाची रिंग गेली आहे, ते तुम्हाला आता सोपं. दुसऱ्याच्या कोपरातली रिव्हेट गंजून हात अडकला आहे. होईल असं वाटत नाही, पण एकदा भिंगातून बघा. त्याच्या बुटावरही काहीतरी लिहिलेलं आहे, मलाच वाचता येत नाही. तेही तेव्हाच बघू.

काकूंना नमस्कार.

आपली,
बर्फ्यावाली